मल्हारीआप्पांचं दुसरं निधन

"जेवणाच्या भोंग्याच्या आत पाच वर्षांचा कचरा साफ करतो, गाडीला किक मारतो आन् सुपारी फुटायच्या आधी न्हावऱ्यात हजर! बोल, लावतो पैज?"

शंभूनं सकाळी सकाळी टाइम ऑफिसात ही घोषणा केली तेव्हा मच्छिंद्र हजेरीचे पंच तपासत होता. त्यानं मान वर न करताच विचारलं, "बहिणीची सुपारी हाय ना आज? मग रजा टाकून घरी थांबायचं सोडून हितं काय करतोस?"

"टाकली होती रे रजा. पण ती मंजूर व्हायला माझ्याच सिस्टिममधून जावी लागती! अजून मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलीच न्हाई."

आणि यात अतिशयोक्ती नव्हती बरं का! कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या त्या केमिकल कंपनीत पाच वर्षांपूर्वी पुण्याहून ही सिस्टिम आली होती. रजा असो, गणवेश असो, पंपाची दुरुस्ती असो, अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा. मग ते प्रकरण आपोआप एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत जायचं आणि शेवटी 'पूर्ण' असा शिक्का बसून गप्प व्हायचं. गप्प व्हायचं, पण तिथून हलायचं नाही! पाच वर्षांची पूर्ण झालेली प्रकरणं आत ठाण मांडून बसली होती आणि नव्यांना पुढं सरकू देत नव्हती. मोठे साहेब अखेर वैतागले. जुनं सगळं अर्काइव्हमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या कोठीघरात नेऊन ठेव, इथलं कायमचं पुसून टाक आणि हे शुक्रवारपर्यंत झालं पाहिजे, असा त्यांनी हुकूम सोडला. कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारा शंभू एकटाच. आपल्याला तपासायला दुसरं कोणीच नसलं की माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं, तसं त्याला वाटत होतं.

शुक्रवार आजच होता आणि सुपारीही आजच होती. त्या सुपारीपायी शंभूच्या आईचा, म्हाळसाबाईंचा, जीव टांगणीला लागला होता. शंभूचे वडील मल्हारीआप्पा तीन वर्षांमागं गेले. त्यानंतर स्वप्नालीचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं. दुसऱ्या वेळी तर सुपारीच्या आदल्या दिवशी भावकीतले एक चुलते वारले, सुतक आलं आणि पाहुण्यांनी पोरीच्या पायगुणाबद्दल काहीबाही पुटपुटत जी पाठ फिरवली ती फिरवलीच.  स्वप्नाली त्या दिवशी गोठ्यात जाऊन एकटीच रडून आली. आता निमोण्याच्या आबांचा ज्ञानू सांगून आला होता. याच कंपनीत बॉयलरवर होता, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही आणि स्वप्नालीला मनातून आवडलेला. फक्त आबा शकुन-अपशकुनाचे भारी पक्के. मांजर आडवं गेलं तर ते परत मागं जाईपर्यंत रस्त्यात उभे राहणारे!

आईनं सकाळी निघताना शंभूला बजावलं होतं, "शंभ्या, आज काय बी इपरीत घडाय नगं बघ. ही बी सुपारी मोडली तर पोरगी मनातनं मोडंल."

"आई, मी हाय ना!" असं म्हणून शंभू निघाला होता.

कामाला बसल्यावर मात्र त्यानं घाई केली नाही. कोठीघरात नेऊन ठेवलेलं परत आणता येतंय का, हे बघितल्याशिवाय इथलं काही पुसायचं नाही, असा त्याचा नियम होता. आजवर जगात जे काही वाटोळं झालं ते उतावळ्या माणसांनी केलं, असं त्याचं ठाम मत. त्याचं स्वतःचं वाटोळं मात्र सावधपणापायी व्हायचं होतं.

परत आणून बघायला त्यानं सगळ्यात लहान गठ्ठा निवडला. त्या गठ्ठ्याचं नाव होतं 'दुःखद घटना'. कामगाराच्या घरी आईवडिलांपैकी कुणी वारलं की हे प्रकरण उघडायचं. कल्याण अधिकाऱ्यानं कंपनीच्या जीपमधून त्या घरी जायचं, पुष्पचक्र वाहायचं आणि परत येऊन 'भेट दिली' यावर टिचकी मारायची, अशी रीत होती. आधीचे अधिकारी जीप, पुष्पचक्र वगैरे भानगडीत न पडता खुर्चीतूनच टिचकी मारायचे, हा भाग वेगळा.

शंभूनं 'परत आणा' दाबलं. थोडी घरघर झाली आणि सगळी प्रकरणं परत आली. त्यानं संख्या ताडून पाहिली. जुळली! "वा रे पठ्ठ्या!" असं स्वतःलाच म्हणून तो कँटीनमध्ये चहाला गेला.

एक गोष्ट त्यानं पाहिली नाही. प्रकरणं परत आली, पण 'पूर्ण'चा शिक्का कोठीघरातच राहिला होता. परत आली ती कोरी करकरीत होऊन, आजची तारीख लावून. आणि नवं प्रकरण आलं की सिस्टिम जे करते तेच तिनं केलं. सगळी मयतं नेऊन कल्याण अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली.

शंभूनं चहाचा ग्लास तोंडाला लावला तोच मच्छिंद्र आरडाओरडा करत आत आला आणि त्यानं तो ग्लास हिसकावून मोरीत ओतला.

"पिऊ नगं! पाण्याच्या थेंबाला हात लावू नगं! मोठ्या साहेबांनी सगळ्या कंपनीचं पाणी बंद केलंय!"

"का? काय झालं?"

"माणसं मेलीत शंभू! एका रात्रीत! केडगाव, न्हावरं, निमोणं... सगळी आपल्याच कामगारांच्या घरची. साहेब म्हणत्यात, कंपनीच्या पाण्यातनंच घरोघरी काय तरी गेलं असंल."

शंभूनं मच्छिंद्रचा दंड धरला. आई! स्वप्नाली! सकाळी तर दोघी धडधाकट होत्या!

"न्हावऱ्यात... न्हावऱ्यात कोण गेलं?"

मच्छिंद्रनं त्याला एकदम मिठीच मारली. 

"मन घट्ट कर शंभू. तुझे वडील गेले रे!"

शंभूला भडभडून आलं. मच्छिंद्रच्या खांद्यावर डोकं ठेवून तो खरोखरचे दोन हुंदके रडला. तिसऱ्या हुंदक्याला त्याला काहीतरी आठवलं आणि तो थांबला.

"अरं, पण ते तीन वर्षांपूर्वीच गेलेत की!"

"आं?" मच्छिंद्रनं मिठी सोडली. "मग परत कसं गेलं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"बबनरावांनी. त्यांच्या कॉम्प्युटरवर आलंय ना सगळं, आजच्या तारखेनं!"

कोठीघरातून काय परत आलं, ते आता कुठं शंभूच्या ध्यानात आलं. बबनराव म्हणजे नवे कल्याण अधिकारी. फौजेतून निवृत्त होऊन गेल्याच महिन्यात रुजू झालेले. जुनं कोण कधी वारलं याची त्यांना काय कल्पना! शिवाय हा खुर्चीतून टिचकी मारणारा माणूस नव्हता. हुकूम आला की बूट आवळणारा माणूस होता.

"बबनराव कुठं हायत?"

"गेले की कवाच! दौंडातनं फुलांची चक्रं उचलणार आन् एकेक घर करत निमोण्यापर्यंत जाणार."

म्हणजे वाटेत न्हावऱ्यात! आज! दारात मांडव, ओसरीवर निमोण्याचे पाहुणे, चौरंगावर सुपारी, आणि त्यात हे फौजी गृहस्थ मल्हारीआप्पांच्या नावाचं पुष्पचक्र घेऊन शिरणार! आणि समोर कोण, तर मांजराला घाबरणारे आबा!

शंभू धावत कल्याण विभागात गेला आणि त्यानं बबनरावांचा मोबाइल लावला. रिंग वाजली. छान, स्पष्ट वाजली, कारण मोबाइल समोरच्याच ड्रॉवरमध्ये होता. मग त्यानं न्हावऱ्यातल्या घराशेजारच्या गिरमेकाकांचा नंबर फिरवला, कारण घरचा निरोप तिथंच द्यायचा असायचा. तिथंही नुसतीच रिंग. उचलणार कोण? सगळी आळी शंभूच्याच मांडवात बसलेली! जाता जाता त्यानं पुन्हा जिवंत झालेली ती प्रकरणं निवडून 'कायमचं पुसा'वर टिचकी मारली. कॉम्प्युटर म्हणाला, थोडं थांबा. थांबायला कुणाला वेळ होता!

मोठे साहेब केबिनमध्ये घाम पुसत मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावत होते. शंभूनं दार उघडून नुसतं डोकं आत घातलं.

"साहेब, पाणी चांगलंय! कुणी मेलेलं नाही! म्हणजे मेलेत, पण जुने मेलेत!"

साहेब रिसीव्हर धरून बघतच राहिले. शंभू तोवर पार्किंगमध्ये होता.

बबनराव दौंडला वळसा घालून येणार, आपण सरळ हायवेनं गेलो तर पाटसलाच गाठू, असा त्यानं हिशेब केला. पाटसच्या फाट्यावर पानटपरीवाल्याला विचारलं, "कंपनीची जीप गेली का हिकडनं?"

"टपावर फुलांची चक्रं बांधलेली? मघाशीच गेली. कोण पुढारी वारला वो?"

शंभूनं उत्तर न देता गाडी पिळली. चौफुल्याला वळला, आणि केडगावला पोचतो तर रेल्वेचं फाटक बंद! एक मालगाडी अशी निवांत चालली होती की ड्रायव्हर उतरून पाय मोकळे करून परत चढला असता. फाटकापलीकडं जीप असेल, आता पारगावच्या पुलाकडं लागली असेल, आता... शंभू नुसता हॉर्न वाजवत राहिला. फाटक उघडल्या उघडल्या तो सुटला, तर गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी दोन्ही हात पसरून उभी. फिटर जालिंदरची आई, गिताबाई. तिनं कंपनीचा गणवेश लांबूनच ओळखला होता.

"थांब रं लेकरा! तू बी कंपनीचाच न्हवं?"

"मावशी, जीप गेली का?"

"आत्ताच गेली बघ. लई भला मानूस! फोटोपुढं फुलं ठेवली, सलाम ठोकला. आमचं मालक जाऊन दोन सालं झाली. तवा कंपनीचं काळं कुत्रं फिरकलं न्हाई रं. आज आलं. म्या म्हनलं, आठवन तरी ठेवली कुनी." तिनं डोळ्यांना पदर लावला. "च्या घिऊन जा."

"मावशी, मला लई घाई..."

"दुखवट्याला आलेल्या मानसाला घाई आसती व्हय?"

आता याला काय बोलणार? शंभू ओट्यावर टेकला. बशीत ओतलेला कढत चहा त्यानं एका दमात घशाखाली घातला आणि पोळलेल्या जिभेनं "येतो" म्हणाला. चूक आपली आणि आशीर्वाद आपल्यालाच मिळतोय, याची त्याला मनापासून लाज वाटली. पण लाज वाटायलाही थांबून चालणार नव्हतं.

पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एका ट्रॉलीच्या मागं, दुसरीच्या बाजूनं, तिसरीच्या जवळजवळ खालून तो कसाबसा पार झाला. म्हाळसाबाईंनी रात्रीच खंडोबापुढं नारळ ठेवला होता. शंभूनं पुलावर मनातल्या मनात आणखी एक कबूल केला. देवा, जीप पंक्चर कर, फार नको, एकच चाक!

देवानं ऐकलं नाही. न्हावऱ्यात आळीच्या तोंडाशीच त्याला जीप दिसली, चारही चाकांवर उभी. आणि मांडवातून सनईऐवजी बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता.

शंभू आत शिरला. सुपारीसाठी मांडलेल्या चौरंगावर झेंडूचं भलंमोठं पुष्पचक्र टेकवलेलं होतं आणि बबनराव त्याच्यासमोर सावधान उभे होते. नवऱ्याच्या नावाची फीत पाहून म्हाळसाबाईंना हुंदका आवरेना. कुणी दुखवट्याला आलं की रडायचं, या रीतीप्रमाणं आळीतल्या बायकाही सुरात सूर मिळवून बसल्या होत्या. आणि आबा! आबांनी पायात वहाणा चढवल्या होत्या.

"कवा वारलं म्हनता?" आबा म्हाळसाबाईंना विचारत होते.

"तीन सालं झाली आबा. तुमाला पयल्याच बैठकीत सांगितलं व्हतं की!"

"तीन सालं झाली, आन् फुलं ताजी?"

"ते ह्या सायबांना इचारा!"

बबनरावांनी घडी केलेला कागद उघडला. "प्रकरणावर आजची तारीख आहे. संगणकात चूक होत नसते."

"आवं, मी त्यांची बायकू! त्ये कवा गेलं ते मला ठावं न्हाई व्हय?"

"ताई," बबनराव अतिशय मायेनं म्हणाले, "दुःखात माणसाला दिवसांचं भान राहत नाही."

"आबा!" शंभू मध्येच घुसला. त्याला धड श्वासही घेता येत नव्हता. "आबा, आमच्यात कुणी वारलं न्हाई! चूक माझी हाय. जुनी प्रकरणं परत येत्यात का बघाय गेलो, ती नवी हून आली. सुतक न्हाई आबा, शप्पथ!"

आबांनी त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. पंचक्रोशीत दोन वर्षं हाच पोरगा सांगत फिरत होता की माणूस चुकेल, पण कॉम्प्युटर चुकायचा नाही.

"बहिणीपायी भाऊ काय बी बोलंल," आबा शांतपणे म्हणाले. "मला राग न्हाई. पर सुतक झाकून सुपारी फोडाया निघालाय तुमी. ज्ञानू, ऊठ. गाडी चालू कराय सांग."

ज्ञानू उठला, पण पाय उचलेना. दाराच्या चौकटीत स्वप्नाली उभी होती, नवी हिरवी साडी नेसलेली. ती रडत नव्हती. एवढं सगळं होईपर्यंत तिनं चेहऱ्यावर जे धरून ठेवलं होतं ते आता हळूहळू सुटत चाललं होतं. शंभूला तिच्याकडं बघवेना. मी हाय ना, म्हणालो होतो सकाळी, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. 

बबनरावांनी घड्याळ पाहिलं. "बरं, मला निघायला हवं. अजून निमोण्याचं एक घर राहिलंय." त्यांनी कागदावर बोट फिरवलं. "कामगार ज्ञानदेव, बॉयलर विभाग. मातोश्री कस्तुराबाई यांचं निधन. इथं कुणाला पत्ता ठाऊक आहे का?"

 रडणाऱ्या बायकांनीसुद्धा माना वळवल्या.

"कोन?" आबा वळले.

"कस्तुराबाई. आजच गेल्या."

"माझी कस्तुरा?" आबांचा आवाज चढला. "आज? आवं सायेब, तिला जाऊन चार सालं झाली! ह्या हातानं पानी पाजलंय मी तिला!"

बबनराव पुढं झाले आणि त्यांनी आबांच्या खांद्यावर अलगद हात ठेवला.

"आबा, दुःखात माणसाला दिवसांचं..."

"गप बसा!"

पण ते 'गप बसा' आबांच्या तोंडातून निघालं आणि त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं. ते म्हाळसाबाईंकडं बघत राहिले. मघाशी हेच तर ही बाई घसा फोडून सांगत होती! मग ते तरातरा जीपकडं गेले, टपावरचं शेवटचं पुष्पचक्र स्वतः सोडवून आणलं आणि फितीवरचं नाव ज्ञानूकडून वाचून घेतलं. वहाणा काढून ते ओसरीवर बसले. चक्र मांडीवरच होतं.

"तिच्या येळंला कंपनीचं कुनी आलं न्हवतं," ते म्हणाले. डोळे पाण्यानं भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "फूल बी न्हवतं घातलं कुनी."

म्हाळसाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. "आबा, रडू नगा. पोरांच्या सुपारीला दोघं बी यून गेली म्हनायचं. तुमची बी, आमचं बी."

आबा विचारात पडले. शकुनाच्या बाबतीत ते वरवर काही ठरवत नसत. त्यांनी एकदा चौरंगावरच्या चक्राकडं पाहिलं, एकदा मांडीवरच्या.

"एकाच गाडीतनं आलं दोघं?"

"एकाच टपावरून," बबनरावांनी खात्रीनं सांगितलं.

"मंग ह्याच्यापरास चांगला शकुन कंचा हुडकायचा!" आबांनी मांडीवर थाप मारली. "ये पोरी, बाहीर ये! आना ती सुपारी!"

मग काय विचारता! दोन्ही पुष्पचक्रं देवघरापाशी शेजारी शेजारी लावली गेली. सुपारी फुटली, भंडारा उधळला गेला आणि मघाशी रडणाऱ्या बायका त्याच दमात हसायला लागल्या. बबनरावांना फेटा बांधला तेव्हा ते इतके गोंधळले की त्यांनी सुपारीलाच सलाम ठोकला. स्वप्नालीनं भावाकडं पाहिलं आणि डोळे पुसत हसली. शंभूच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि धोंडा उतरला की शंभूला जे होतं तेच झालं. तो पुन्हा हुशार झाला.

"आबा, लग्नाची तारीख काय धरायची ते सांगा," तो पेढ्यांचा खोका उघडत पुढं आला. "पाहुण्यांची यादी, पत्रिका, सगळं मी कॉम्प्युटरवर टाकतो! कुणाला हात लावायची गरज न्हाई."

आबांच्या हातातला पेढा तोंडापाशीच थांबला.

"म्हाळसाबाय," ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय, घर पसंत हाय. पर तारीख ह्याच्या कानावर घालू नगा. मशीनवर टाकंल, आन् तीन सालांनी आमच्या ज्ञानूला पुन्यांदा घोड्यावर बसवंल!"

नवरीच्या सख्ख्या भावाला त्या लग्नाचं आमंत्रण गेलं ते तोंडी, आणि तेही हळदीच्या दिवशी.